मेजर ठरत नसेल तर: सरांना भेटायला जाण्याआधीची तयारी

‘सर, मला काही सुचत नाहीये, कोणता विषय घेऊ?’ असं म्हणत डिपार्टमेंटमध्ये शिरलात तर सर त्यांचाच विषय सुचवणार. साडीच्या दुकानात जाऊन ‘काय चांगलं आहे?’ विचारल्यावर दुकानदार शेजारच्या दुकानाचा पत्ता देत नाही. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, ठरलेला नसणं ही अडचण नाही. कोणता पर्याय कधीपर्यंत खुला आहे हे माहीत नसणं ही खरी अडचण, आणि तिच्यावर घरी बसून काम करता येतं.

आधी भेटीची वेळ. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या पदवी आराखड्याप्रमाणे पहिलं वर्ष संपताना, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरनंतर, त्याच विद्याशाखेत मेजर बदलता येतं. तेही जागा असतील आणि त्या विषयाची पात्रता असेल तरच. म्हणून दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या किमान चार आठवडे आधी भेट घ्या. निकालाच्या दिवशी ऑफिसच्या खिडकीवर गर्दी असते, रिसेस झाली की खिडकी बंद, आणि सरांसमोर तुमच्यासारखे वीसजण उभे. फॅकल्टीच बदलायची असेल, समजा आर्ट्समधून कॉमर्सला, तर तो बहुतेक वेळा नवा प्रवेश ठरतो. मग जीकास या गुजरातच्या सामाईक प्रवेश पोर्टलच्या तारखा पाहाव्या लागतात आणि वर्ष जाण्याची शक्यता धरावी लागते.

आता फाइल. तिच्यात बारावीची आणि पहिल्या सेमिस्टरची मार्कशीट, चालू पेपरांची कोडसकट यादी, तुमच्या कोर्सची क्रेडिटची (पेपरच्या तासांवरून ठरणाऱ्या वजनाची) स्कीम आणि मनात असलेल्या दोन्ही विषयांचं टाइमटेबल ठेवा. बारावी बी ग्रुपने (गणिताऐवजी जीवशास्त्र घेऊन) केली असेल तर ती मार्कशीट सगळ्यात वर असू द्या, कारण संख्याशास्त्र किंवा गणिताच्या मेजरसाठी बारावीचं गणित साधारणपणे मागतात. हे पाच मिनिटांत कळणार असेल तर पुढचा अर्धा तास त्या विषयाची स्वप्नं रंगवण्यात कशाला घालवायचा?

डिजिलॉकरमध्ये जाऊन अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याचा बारा आकडी आयडी काढा आणि पहिल्या सेमिस्टरचे क्रेडिट जमा झालेत का पाहा. आपल्याकडे इथे एक हमखास घोळ होतो. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी छापतात, आधार कार्डावर शेवटी. त्यात मराठी आडनावाचं स्पेलिंग शाळेत एक आणि आधारवर दुसरं. नाव जुळलं नाही की क्रेडिट अडकतात, आणि ते निस्तरायला दोन-तीन आठवडे हाताशी असलेले बरे.

यानंतर कागद-पेन्सिल घ्या. समजा तुमचं सेमिस्टर २२ क्रेडिटचं आहे. मेजरचे चार-चार क्रेडिटचे दोन पेपर, त्यात ग्रेड पॉइंट ६ आणि ७. मायनरचे, म्हणजे जोडविषयाचे, ४ क्रेडिट, पॉइंट ९. मल्टिडिसिप्लिनरीचे, म्हणजे दुसऱ्या शाखेतल्या पेपरचे, ४, पॉइंट ८. दोन-दोन क्रेडिटचे तीन छोटे पेपर, पॉइंट ८, ७ आणि ९. प्रत्येक क्रेडिटला त्याच्या पॉइंटने गुणून बेरीज केली की १६८ येते. भागिले २२, एसजीपीए (सेमिस्टरची सरासरी) ७.६४. वरवर झकास. पण मेजरची सरासरी साडेसहा आणि मायनरची नऊ हे त्या ७.६४ मध्ये दडून जातं. सरांना दाखवायचे आकडे हे दोन. मात्र ९ वर लगेच भाळू नका. ते लेखी परीक्षेतून आलेत की असाइनमेंट-प्रेझेंटेशनच्या अंतर्गत गुणांतून, ते वेगळं काढा. अंतर्गत गुणांत बरेचजण उदार असतात.

आता बदलाची किंमत. समजा, वर्षाअखेर जुन्या मेजरचे १६ आणि मायनरचे ८ क्रेडिट झालेले असतील. मायनरला मेजर केलं तर नव्या मेजरला १६ हवेत, हातात ८. तूट ८ची, म्हणजे चार क्रेडिटचे दोन पेपर. एक थिअरी क्रेडिट म्हणजे १५ तास, तेव्हा हे १२० तास झाले. प्रॅक्टिकलचा क्रेडिट ३० तासांचा असतो, तिथे तास आणखी वाढतात. हे दोन पेपर तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरमध्ये एकेक टाकले तर २२च्या जागी २६ क्रेडिट, आठवड्याला चार तास जास्त. भरूच-आणंदहून वडोदऱ्याला अपडाउन करणाऱ्याने हे चार तास लोकलच्या वेळेशी ताडून पाहावेत. टाइमटेबलमध्ये दोन पेपर एकाच वेळी येत असतील तर सगळा हिशेब तिथेच संपला. सयाजीराव युनिव्हर्सिटीत फॅकल्ट्याही विखुरलेल्या आहेत. सयाजीगंजातला तास आटोपून सुरसागरकाठी परफॉर्मिंग आर्ट्सला पोहोचायचं तर मधले दहा मिनिटं पुरत नाहीत.

मायनरचा पेपर आणि मेजरचा पेपर नावाने सारखे असले तरी कोड वेगळे असू शकतात. ‘माझे ८ क्रेडिट मेजरमध्ये धरले जातील का, आणि जुन्या मेजरच्या १६पैकी ८ मायनरमध्ये धरले तर उरलेले ८ कुठे बसतील?’ हा प्रश्न लिहूनच न्या. याचं उत्तर अनेकदा प्राध्यापकांपेक्षा परीक्षा विभागातल्या अनुभवी क्लार्कना पक्कं ठाऊक असतं. त्यांच्याशी नीट बोला.

विषय आवडतो की नाही हे तपासायला पहिल्या वर्षाचं पुस्तक कामाचं नाही. एफ.वाय.चं मानसशास्त्र सगळ्यांनाच आवडतं. पुढे सांख्यिकी आणि संशोधनपद्धती येते तेव्हा निम्मे चेहरे उतरतात. अर्थशास्त्रात तसंच गणिताचं. म्हणून टी.वाय.चा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा, अभ्यासक्रम आणि एक जुनी प्रश्नपत्रिका मिळवा. एका दुपारी मोबाइल बॅगेत टाकून युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत बसा आणि दोन्ही विषयांना सलग दीड-दीड तास द्या. टी.वाय.ला लावलेलं एक प्रकरण वाचा, मग पुस्तक मिटून त्याचं अर्ध पान स्वतःच्या शब्दांत लिहा. समजलं किती याला फार महत्त्व देऊ नका, ते कठीणच जाणार. कोणत्या विषयात घड्याळाकडे कमी वेळा पाहिलंत ते टिपून ठेवा. मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट वेगळी नोंदवावी: अडलो ते विषयाला की इंग्रजीला? इंग्रजी सुधारता येतं, त्यासाठी मेजर बदलणं म्हणजे चप्पल चावते म्हणून रस्ता बदलणं.

घरून येणारा प्रश्न ठरलेला: ‘याचा स्कोप काय?’ त्याला उत्तर म्हणून अटींची यादी करा. बी.एड.ला पदवीत साधारणपणे ५० टक्के लागतात आणि कोणता विषय शिकवता येईल ते पदवीच्या विषयांवर ठरतं. सी.ए.च्या इंटरमीजिएटला पदवीनंतर थेट जायचं तर कॉमर्सवाल्याला ५५ टक्के, इतरांना ६०. एम.सी.ए.ला बारावीत किंवा पदवीत गणित अनेक ठिकाणी मागतात. यूपीएससीला कोणतीही पदवी चालते, तेव्हा तिच्या नावाखाली न आवडणारा विषय गळ्यात मारून घेऊ नका. एम.ए., एम.एस्सी. यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे मायनरच्या विषयातही करता येतं, पण ज्या विद्यापीठात जायचंय तिथला नियम वाचूनच. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. एटीकेटी, म्हणजे राहिलेले पेपर, डोक्यावर घेऊन नवं मेजर घेणाऱ्यांचं गणित इथेच फिसकटतं.

पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन थांबता येतं, हेही ऐकलं असेल. त्याला ४० क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिप लागते. परत यायला तीन वर्षं, पदवी पुरी करायला एकूण सात. काहीच ठरत नाही म्हणून घ्यायची ही वाट नव्हे, घरची गरज असेल तर गोष्ट वेगळी. शिष्यवृत्ती किंवा हॉस्टेल असेल तर मेजर बदलल्यावर ते टिकतं का, ते फॉर्म भरायच्या आधी त्या त्या ऑफिसात विचारा.

भेटीला वीस मिनिटं धरा आणि तीनच प्रश्न न्या: क्रेडिट कुठे बसतील, तिसऱ्या सेमिस्टरचं टाइमटेबल जुळेल का, अर्जाची शेवटची तारीख कोणती. आई-बाबांना पहिल्या भेटीला नेऊ नका. ते आले की सर त्यांच्याशीच बोलतात. त्याच संध्याकाळी सरांना चार ओळींचा ईमेल टाका: ‘आज आपण असं सांगितलंत, मी असं समजलो, चुकलं असल्यास कळवावे.’ उत्तर आलं तर प्रिंट काढून फाइलमध्ये लावा. नाही आलं तर आठवड्याने तोच ईमेल पुन्हा पाठवा आणि अर्जाला त्याची प्रत जोडा.