हंगेरीचा भरलेला कोबी : आदल्या दिवशीपासूनची तयारी

तोल्तोत्त कापोस्ता, म्हणजे खिमा भरून गुंडाळलेली कोबीची पानं, हा पदार्थ नाताळच्या ताटात हवा असेल, तर तो आदल्या दिवशीच शिजवून ठेवायचा. मुरलेल्या कोबीची चव दुसऱ्या दिवशी गरम केल्यावरच खुलते, म्हणून मोकळी दुपार आधी राखून ठेवा.

सगळ्यात आधी कोबी. हंगेरीत अख्खे गड्डे मिठाच्या पाण्यात आंबवलेले मिळतात. बुडापेस्टजवळचं वेचेश हे गाव त्यासाठीच नावाजलेलं आहे. असा गड्डा मिळाला तर दुसरा विचार करू नका. नाहीच मिळाला, तर ताज्या गड्ड्याचा देठ कोरून काढा, थोडं व्हिनेगर घातलेल्या उकळत्या पाण्यात तो बुडवा आणि पानं सुटतील तशी काढत जा. चिरून आंबवलेला आंबट कोबी मात्र किलोभर लागतोच, त्याशिवाय या पदार्थाला जीव नाही. पान चावून बघा. फार खारट-आंबट वाटलं तर ते पाण्यात भिजवा. प्रत्येक पानाची जाड शीर सुरीने तासून सपाट करा, नाहीतर गुंडाळताना पान फाटतं.

खिमा डुकराच्या खांद्याचा, थोडी चरबी असलेला घ्या. अगदी कोरडं मांस शिजल्यावर चरबरीत लागतं. किलोभर खिम्याला दीड-दोनशे ग्रॅम आखूड दाण्याचा तांदूळ पुरतो, आणि तो कच्चाच घालायचा. लसूण, मिरी आणि मीठ बेतानेच, कारण पुढे धुरावलेल्या मांसाचा आणि कोबीचा खारटपणा उतरणार आहे. चव बघायची तर चमचाभर मिश्रण तव्यावर परतून बघा, कच्चं चाखू नका.

पाप्रिका, म्हणजे लाल मिरचीची भुकटी, हंगेरीतल्या सेगेद किंवा कालोचा या गावांची असेल तर उत्तम. जुनी, तपकिरी पडलेली भुकटी वापरू नका. चरबीत कांदा मऊ झाला की पातेलं आचेवरून उतरवा, मगच पाप्रिका घाला आणि लगेच थोडं पाणी ओता. तिच्यातली साखर क्षणात करपते आणि सगळं कडू होतं. हा परतलेला कांदा गार करून खिम्यात मिसळायचा.

पातेलं जाड बुडाचं आणि खोल हवं. तळाला चिरलेला आंबट कोबी आणि धुरावलेल्या बरगड्या, मग सैलसर गुंडाळ्या (तांदूळ फुगायला जागा हवी), वर कोलबास सॉसेज, तमालपत्र आणि पुन्हा कोबी. ट्रान्सिल्वेनियात (आजच्या रोमानियात) यात शेपूही घालतात, आणि मला तो फार आवडतो. टोमॅटो मात्र नको. आंबटपणा कोबीचाच हवा. जेमतेम बुडेल इतकं पाणी घालून मंद आचेवर दोन-अडीच तास ठेवा. चमचा घालू नका, अधूनमधून पातेलंच हलवा.

तेयफोल, म्हणजे त्यांचं घट्ट आंबट क्रीम, पुरेसं आणून ठेवा. ते नसेल तर चक्क्यात साय फेटून घ्या. उकळत्या रश्श्यात ओतलं तर फाटण्याची भीती असते, म्हणून ताटात वाढल्यावर वरून घाला. सोबत पांढरा पाव हवाच, तेव्हा तोही यादीत लिहून ठेवा.