हाडांच्या बाबतीत या चुका टाळा

हाड म्हणजे अंगातला वाळका फाटा, असं धरून आपण चालतो आणि बहुतेक चुका तिथूनच होतात. मोठ्या माणसाची २०६ हाडं अंग उभं ठेवतात, मेंदू-काळीज सांभाळतात, स्नायूंना ओढायला धर देतात. एवढं शाळेत पाठ होतं. पण शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांतच साठतं आणि रक्तपेशीही हाडांतल्या लाल मगजातच तयार होतात, हे कोणी लक्षात ठेवत नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे लेकराची हाडं वरचेवर ठणकली की ‘वात आहे’ म्हणून तेल चोळून मोकळे होतात. हा सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून लेकरात उतरणारा रक्ताचा आजार असू शकतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसा तुंबतात, हाडाला रक्त पोचत नाही. ती कळ त्याची असते. दुर्लक्ष झालं तर खुब्याचा गोळाही निकामी होऊ शकतो. पाणी भरपूर पाजा, गारठ्यात ठेवू नका. ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सिकलसेलची पहिली रक्तचाचणी, म्हणजे सोल्युबिलिटी चाचणी, पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच सोयरीक मोडायला निघू नका. माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीत कळतं.

यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड (जास्त झालं तर दात-हाडं बिघडवणारा क्षार) जास्त आहे. लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग, मोठ्यांची पाठ-मान आखडलेली, असं गावात बऱ्याच घरी दिसलं तर पाणी तपासून घ्या, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको. पाणी उकळून उपयोग नाही. वाफ जाते, फ्लोराइड मागे राहतं, उलट दाट होतं.

‘रक्तात कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणजे हाडं मजबूत’ हाही भ्रमच. रक्तात कमी पडलं की शरीर हाडातून काढून घेतं, म्हणून रिपोर्ट चांगला आणि हाड पोकळ, असं होऊ शकतं. जवसाची चटणी झकासच, पण कॅल्शियमसाठी तिळाची करा. शेवग्याचा पाला, ताक सोडू नका. अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसं मिळत नाही. हिवाळ्यात अकराच्या सुमाराचं ऊन घ्या. मे महिन्यात मात्र हा प्रयोग नको, नऊ-साडेनऊला आटपा.

हाड मोडलं तर चोळू नका, ओढून बसवू नका. कामट्या आवळून बांधल्यावर बोटं गार, निळी किंवा बधिर पडली तर बांधणी तिथल्या तिथे सैल करा आणि दवाखान्यात जा. लहान मुलांचा एक्स-रे तर चुकवूच नका. त्यांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग असतो, तो दुखावला की हात-पाय आखूड किंवा वाकडा राहू शकतो.