फिर्याद नोंदवताना: सही करण्याआधी शब्द न् शब्द वाचा

माझ्या मामेबहिणीच्या हातातला मोबाइल सिग्नलला, रिक्षात बसलेली असताना, दुचाकीवरच्या दोघांनी हिसकावला. पोलीस ठाण्यातून ती कागद घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं, ‘मोबाइल गहाळ झाला.’ खाली सही तिचीच. गहाळ म्हणजे हरवला, आणि हरवण्यात गुन्हेगार नसतो. मग तपास कशाचा करणार?

ठाण्यात जाण्याआधी वेळ, ठिकाण, कोणी काय केलं, कोणी पाहिलं हे कागदावर उतरवा. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या हँडसेटची ओळख पटवणारा आकडा, खोक्यावर सापडतो; तोही लिहून घ्या.

‘ही आमची हद्द नाही’ असं सांगितलं तर परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. ऑनलाइन खबर दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करा.

तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेतल्यावर तुम्हाला वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, मागे माणसं ताटकळलेली असतात, अंमलदार बोट ठेवून म्हणतो, ‘इथं सही करा.’ तिथेच थांबा. ‘हिसकावला’चं ‘गहाळ’ झालंय का, मारहाणीची ‘बाचाबाची’ झालीय का, बघा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. सही होऊन गेली असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बहिणीने दुसऱ्या दिवशी तेच केलं.

हातातला कागद एफआयआरचा की एनसीचा, हे विचारल्याशिवाय बाहेर पडू नका. एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची नोंद, एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय एनसीचा तपास होत नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

काही गुन्ह्यांत, म्हणजे तीन वर्षं किंवा जास्त पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या, वरिष्ठांच्या परवानगीने आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. एरवी दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात हे स्पष्ट केलंय. तरीही नकार मिळाला तर हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असलेल्या शहरात उपायुक्तांना, पोस्टाने पाठवा. पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

तपास अधिकाऱ्याचं नाव लिहून ठेवा. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत त्यांनी तुम्हाला कळवायचं असतं. कळवलं नाही तर गुन्हा क्रमांक घालून लेखी विचारा.