बोंबा वाजवायचा तर मान वर ठेवा

ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं तुंबा, म्हणजे हाताने वाजवायचा उभा ढोल, वाजवून मला एक खोड लागली होती: मान खाली, नजर पानावर. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाचा बोंबा शिकायला बसलो आणि नेमकी तीच नडली. (नावावर हसून घ्या, आमच्या घरीही सगळे हसले.)

उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांचं हे नाचगाणं. मूळ वाद्य रमच्या पिंपावर बकऱ्याचं कातडं चढवून केलेलं. कळव्यात आमचं दोन तुंब्यांवर भागतं.

सुरुवात काठ्यांपासून करा. त्यांना 'कुआ' म्हणतात, त्या लाकडावर वाजवायच्या. 'सिका' या ठेक्यासाठी केरव्याच्या आठ मात्रा मोजा आणि पहिली, तिसरी, चौथी, सहावी, सातवी एवढ्यांवरच मारा. आठवीवर हात मेला आपोआप पडतो. माझा आठवडाभर पडत होता.

मोठा तुंबा म्हणजे 'बुलेआदोर'. त्याने फक्त ठेका धरायचा, एकही हरकत नाही. तिथे नवशिक्याला बसवू नका, सगळ्यात शांत माणूस बसवा.

खरी गंमत छोट्या तुंब्याची, 'प्रिमो'ची. नाचणारी आधी त्याच्यासमोर येऊन मान लववते. मग पायाने, खांद्याने, घेराच्या झटक्याने हुकूम सोडते, तो 'पिकेते'. प्रत्येक पिकेत्यावर प्रिमोची थाप पडलीच पाहिजे. वाजवणारा नाचवत नाही, नाचणारी वाजवून घेते.

शेजारची एक मुलगी लावणी करते, तिला गच्चीवर बोलावलं. तिने घेर उजवीकडे झटकला, माझी थाप मागून आली. पुन्हा झटकला, पुन्हा तेच. थांबून म्हणाली, "काका, तुम्ही बघताय कुठे?" फडावरच्या ढोलकीवाल्याला हे कुणी विचारलं नसतं. मग चार रात्री दिवा मालवून वाजवलं, तेव्हा हात न बघता पडायला लागले.

पोर्तो रिकोतल्या सांतुर्सेच्या सेपेदा घराण्याच्या वादनाचे व्हिडिओ शोधा. राफाएल सेपेदांना १९८३ साली अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला, मुलगा मोदेस्तो यांना २०१७ साली. तिथल्याच लोईसा गावचं आयाला घराणंही बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा आणि नाचणारीच्या प्रत्येक झटक्याला मांडीवर थाप द्या. मग आवाज लावून ताडून पाहा, आपण कुठे मागे पडलो ते.

आणि रात्री आठनंतर वाजवू नका. आमच्या गच्चीची किल्ली त्यापायी दोन महिने सेक्रेटरींच्या कपाटात होती.