प्रदर्शनात नवं मशीन उतरवताय? या चुका टाळा

भोसरीच्या एखाद्या छोट्या कारखान्यात तयार झालेला नवा हायड्रॉलिक प्रेस बेंगळुरूच्या इमटेक्स फॉर्मिंग या धातूला आकार देणाऱ्या मशीनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवायचाय, असं धरू. मोटर ७.५ किलोवॅटची.

सगळ्यात महाग चूक मशीन ट्रकमध्ये चढायच्या आधीच होऊन जाते: पेटंटचा अर्ज न करता प्रदर्शनात उतरणं. एकदा चारचौघांत दाखवलं की नावीन्य गेलं. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे खरी, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच. ‘सगळेच तर दाखवतात’ यावर विसंबू नका. निघण्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज भरा. संपूर्ण तपशील द्यायला पुढे १२ महिने मिळतात. बाहेरचा आकारच नवा असेल, तर डिझाइन नोंदणीचा अर्जही आधीच करा.

दुसरा घोळ विजेचा. स्टॉलचा फॉर्म भरताना दिवे आणि टीव्हीचा हिशोब करून सिंगल फेज मागवला जातो आणि मोटर आठवते ती उभारणीच्या दिवशी. ही मोटर ४१५ व्होल्टवर साधारण १५ अँपियर घेते, पण डीओएल स्टार्टरवर (मोटरला एकदम पूर्ण व्होल्टेज देणारा) सुरू होताना त्याच्या सहापट, म्हणजे ९० च्या आसपास. १६ अँपियरचा सी-कर्व्ह प्रकारचा एमसीबी (जास्त करंट आला की वीज तोडणारा स्विच) तिथेच पडू शकतो. हॉलचा एमसीबी बदलणं आपल्या हातात नसतं, म्हणून मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर लावून न्या आणि थ्री फेजची मागणी लेखी द्या.

जोडणी झाली की लगेच बटण दाबून मोकळं होऊ नका. फेज उलटे लागले असतील तर पंप उलटा फिरतो, गेजचा काटा हलत नाही, आणि ‘प्रेशर का येत नाही’ म्हणत मोटर तशीच चालू ठेवली की पंप कोरडा घासून खराब होतो. मोटर क्षणभर जॉग करा, म्हणजे चालू करून लगेच बंद करा, आणि तिचा फॅन मोटरवरच्या बाणाच्या दिशेने फिरतो का ते पाहा. उलटा दिसला तर पुरवठा बंद करून कोणतेही दोन फेज अदलाबदल करा. उभारणीत जनरेटरची वीज आणि नंतर मेन लाइनची असं झालं तर पुन्हा तपासा. फेज उलटे असतील तर मोटर सुरूच होऊ न देणारा फेज सिक्वेन्स रिले पॅनेलमध्येच असेल तर पंप उलटा फिरण्याची भीती नाही.

कारखान्यात वीस मिनिटं चालवून ‘ओके’ म्हटलेला प्रेस स्टॉलवर दिवसभर चालतो. तेल ६० अंशांच्या वर गेलं की पातळ होतं, सील गळू लागतात आणि दुपारी गर्दीतच टाकीखाली डाग दिसतो. त्यामुळे निघण्याआधी सलग आठ तास डेमोचीच सायकल चालवा, तासातासाला तापमान लिहा. वाढत राहिलं तर ऑइल कूलर घाला किंवा दोन स्ट्रोकमध्ये विराम वाढवा. सोबत सील किट, व्हॉल्व्हची एक सोलेनॉइड कॉइल, प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) प्रोग्रामचा बॅकअप हवाच.

वाहतुकीला डिलिव्हरी चलन करा, ‘प्रदर्शनासाठी, विक्री नाही’ असा शेरा मारून. राज्याबाहेर ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक परवाना) लागतं. परतीचंही विसरू नका. जड मशीन पहिल्याच दिवशी आत घ्या. शेजारचे स्टॉल उभे राहिले की फोर्कलिफ्टला वळायलाही जागा उरत नाही.

आणि किंमत. ‘नंतर कळवतो’ ऐकलं की खरेदी अधिकारी पुढच्या स्टॉलकडे वळतो. मूळ किंमत, डायसह (आकार देणाऱ्या साच्यासह) किंमत आणि डिलिव्हरीचे आठवडे स्टॉलवरच्या प्रत्येकाला सारखे पाठ हवेत. सेल्सवाला सहा आठवडे म्हणतो आणि मालक बारा, हे ग्राहकाच्या कानावर दोनदा पडलं की नंतरचे फोन उचलले जात नाहीत.