भारी रेड वाईन चाखायची असेल तर आधी थंड करा

राजेहो, कोणी फ्रान्सच्या बोर्दो भागातली चांगली बाटली आणून दिली, शातो मार्गोसारख्या १८५५ साली तिथल्या वाईनची जी दर्जावार यादी झाली तिच्यातल्या पहिल्या दर्जाच्या इस्टेटची वगैरे, तर "रेड वाईन रूम टेंपरेचरलाच घ्यायची" हे ऐकून मे महिन्यात तशीच उघडू नका, ते टेंपरेचर म्हणजे १६ ते १८ डिग्री, आपल्या नागपुरात कूलर लावूनही खोली तिथवर येत नाही. गरम वाईनचा नुसता अल्कोहोल नाकात जातो, बाकी वास दबतात. बर्फ-पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं ठेवा. जुनी बाटली असेल तर आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, गाळ खाली बसतो, आणि ओतताना हलवू नका.

ग्लास एक तृतीयांशच भरा, पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. कड जांभळट दिसली तर वाईन कोवळी, विटकरी दिसली तर मुरलेली. आधी न हलवता वास घ्या, मग फिरवून.

घोट तोंडात घोळवा, जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी आवळते तसा तुरटपणा येईल, तो टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून उतरणाऱ्या तुरट द्रव्याचा. चांगल्या वाईनमध्ये तो मऊ असतो, खरखरत नाही, आणि गिळल्यावर चव किती वेळ राहते ते मनात मोजा, मला तर हीच खरी परीक्षा वाटते.

आणि सावजी त्या दिवशी नकोच, तिखटानं टॅनिन अजून बोचतं.