‘एकपक्ष पद्धती’ हा शब्द वापरताना या चुका टाळा

सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्यांच्या राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी भेटते: ‘आमच्या गावात बरीच वर्षे एकपक्षीय राजवट आहे.’ चौकशी केली तर ग्रामपंचायत बिनविरोध झालेली असते, एवढेच. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होतच नाही. तेव्हा तिथे ‘बिनविरोध’ किंवा ‘एकाच गटाची सत्ता’ असे लिहावे.

एकपक्ष पद्धती म्हणजे सत्तेवर येण्याचा हक्कच कायद्याने किंवा संविधानाने एका पक्षापुरता राखून ठेवलेली राज्यव्यवस्था. सोव्हिएत संघाच्या १९७७ च्या संविधानातील सहाव्या कलमाने कम्युनिस्ट पक्षाला समाजाची नेतृत्वशक्ती ठरवले होते आणि ही मक्तेदारी १९९० मध्ये संपली. केनियात १९८२ साली संविधान दुरुस्त करून एकच पक्ष कायदेशीर ठरवला गेला व १९९१ मध्ये ती तरतूद रद्द झाली. शंका आली की एवढेच विचारावे: दुसरा पक्ष हरतो आहे, की त्याला सत्ता मिळवण्याची वाटच ठेवलेली नाही?

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो इथेच. १९५२ मध्ये काँग्रेसने लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या, मते मात्र सुमारे ४५ टक्केच मिळवली, आणि या काळाला ‘एकपक्षीय राजवट’ म्हणण्याची सवय अनेकांना आहे. पण त्याच काळात, १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत, आपल्या राजापूर मतदारसंघाने प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै यांना लोकसभेत पाठवले. जिथे विरोधक असा निवडून येतो, ती ‘एकपक्षप्रभुत्व पद्धती’. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांनी तिचेच वर्णन ‘काँग्रेस पद्धती’ असे केले. खरी एकपक्ष पद्धती पाहायची, तर तेव्हा तेरेखोलची खाडी ओलांडणे पुरेसे होते, कारण १९६१ पर्यंत पलीकडचा गोवा हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि तिथे ‘युनियाँव नासियोनाल’ (राष्ट्रीय संघ) हीच एक राजमान्य राजकीय संघटना होती.

एकाच पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले, तर ते ‘एका पक्षाचे सरकार’; त्याच्या विरुद्धार्थी शब्द ‘आघाडी सरकार’, लोकशाही नव्हे. ‘हुकूमशाही’ हाही पर्यायी शब्द नाही, कारण सौदी अरेबियात राजकीय पक्षांनाच मुभा नाही. उलट, चीनमध्ये कम्युनिस्ट पक्षाखेरीज आणखी आठ मान्यताप्राप्त पक्ष आहेत, तरीही ती एकपक्ष पद्धतीच, कारण ते सगळे त्याचे नेतृत्व मान्य करूनच टिकून आहेत. म्हणून ‘एकच पक्ष अस्तित्वात असतो’ ही पाठ केलेली व्याख्या अपुरी पडते.

राहिला ‘पक्ष’ हा शब्द. तो पंधरवड्यालाही लागतो, वरपक्षालाही आणि कोर्टातल्या वादी-प्रतिवादींनाही. प्रतिवादी गैरहजर राहिल्यामुळे झालेला हुकूम ‘एकपक्षीय’ लिहिला, तरी वकील समजून घेतील. राज्यशास्त्राच्या लेखनात मात्र त्या अर्थी ‘एकतर्फी’च वापरावे.